एकतीस रकाने आणि एक जुनी हायब्रिड

आमच्या घरातली गाडी मी निवडली, असं मी सांगतो. घरातलं दुसरं कोणीही असं सांगत नाही.

मी निवृत्त शास्त्र शिक्षक. तेहतीस वर्षं रत्नागिरीत मुलांना शास्त्र शिकवलं, आणि त्या तेहतीस वर्षांत माझा सर्वांत लाडका प्रश्न एकच: 'फरक स्पष्ट करा. गुण चार.' धातू आणि अधातू, आम्ल आणि आम्लारी, साधी तरफ आणि कप्पी. (एका सहामाहीला तर मी अख्खी प्रश्नपत्रिकाच फरक स्पष्ट करायची काढली होती. त्या वर्षी पालक सभेला विक्रमी हजेरी होती!) जगात दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या, मधे उभी रेघ मारली आणि मुद्दे लिहीत गेलं की सत्य आपोआप बाहेर येतं, यावर माझी श्रद्धा होती.

आता अण्णांबद्दल. अण्णा माझे सासरे. वय शहाऐंशी, मुक्काम आंजर्ले. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात त्यांनी हापूसची पाच कलमं एसटीने आणली आणि पावस गावातल्या आमच्या तुकड्यावर स्वतःच्या हातांनी लावली. ती कलमं आज घराएवढी झाली आहेत. दर वर्षी त्यांचे आंबे आंजर्ल्याला जातात. पण ती झाडं फळाला आलेली अण्णांनी कधी पाहिलीच नाहीत, कारण आंब्याच्या दिवसांत स्वतःची बाग सोडून हा माणूस उंबऱ्याबाहेर पडत नसे.

गेल्या वर्षी आम्ही पेटी एसटीच्या पार्सलने पाठवली. दोन दिवसांनी अण्णांचा फोन आला.

"जावईबापू, आंबे पोचले हो. यंदा ताटात नाही घेतले, वाटीत घेतले."

मग त्यांनी फोन शैलाला द्यायला सांगितला. शैला म्हणजे माझी बायको, त्यांची एकुलती मुलगी. तिला ते म्हणाले, "शैले, पुढल्या आंब्याला तुझ्याकडे येईन म्हणतो. झाडं धरलेली एकदा बघून घेतो. त्याच्या पुढल्या वर्षाचं कोणी सांगावं?"

एवढ्या गुडघ्यांनी एसटी शक्य नव्हती. मी भाड्याच्या गाडीचं सुचवलं, तर अण्णा ताडकन म्हणाले, "भाड्याची गाडी वाडीत येते ती माणसाला दवाखान्यात न्यायला. मी काय आजारी आहे? तुमची स्वतःची गाडी असेल तर पाठवा, नाहीतर राहू दे."

फोन ठेवून शैला स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा डोळे लाल. "अहो," ती म्हणाली, "पुढल्या आंब्याच्या आत गाडी घ्यायची. जुनी चालेल, लहान चालेल. पण घ्यायची."

मी निर्धार केला. माझ्या निर्धाराची शैलाला फार भीती वाटते.

घ्यायची तर हायब्रिड, हे मी पहिल्याच आठवड्यात ठरवलं. पेट्रोलवर चालते, विजेवर चालते, आणि बॅटरी चालता चालता स्वतःच भरून घेते! शास्त्राच्या माणसाला याहून काय हवं? नवी निवृत्तीच्या पैशांत बसेना, म्हणून जुनी. शेजारचे तात्या, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, यांना मात्र पटेना.

"मास्तर, एक इंजिन बिघाडला तर एक मिस्त्री लागतो. ही दोन बिघाडली का दोन मिस्त्री लागनार. नि ते दोघं एकामेकावर ढकलनार! मधे तू रस्त्यात उभा."

"तात्या, दोघं कमावती असली की घर चालतंच की," शैला म्हणाली.

"पन भांडतात कोन जास्ती, ता बघ ना गो!"

मी या अशास्त्रीय चर्चेत पडलो नाही. मी चार कार्डशीट एकमेकांना चिकटवले आणि तक्ता आखायला घेतला.

वाचकहो, जुनी हायब्रिड घेणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा माझा तक्ता पाहावा. मी हेरलेलं मॉडेल तीन वेगवेगळ्या सालांचं मिळत होतं. प्रत्येक वर्षात चार व्हेरियंट: साधी, मधली, वरची आणि वरचीच्याही वरची. म्हणजे झाल्या बारा गाड्या. पण गंमत अशी, की पहिल्या वर्षी जे फक्त वरचीला होतं ते दुसऱ्या वर्षी मधलीला दिलं, आणि तिसऱ्या वर्षी मधलीची स्टेपनीच काढून घेतली! त्यात काही गाड्या एका वर्षी बनलेल्या आणि दुसऱ्या वर्षी नोंदलेल्या, म्हणजे जन्मतारीख एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरी. मी पहिल्या वर्षाला हिरवं पेन, दुसऱ्याला निळं, तिसऱ्याला जांभळं वापरलं. तांबडं राखून ठेवलं, कारण तांबडं पेन तपासण्यासाठी असतं.

रकाने झाले एकतीस. एअरबॅगा किती, मागच्या चाकांना कुठला ब्रेक, बॅटरीची हमी किती वर्षं शिल्लक, इथपर्यंत ठीक होतं. पुढे मला राहवेना. थेंब पडला की आपोआप फिरणारा वायपर. गार हवा देणारी सीट. आरशाभोवतीचा दिवा. दरवाजा उघडला की जमिनीवर पडणारा कंपनीच्या चिन्हाचा उजेड. (हा रकाना मी पेन्सिलीने लिहिला होता. एवढा काही मी हा नाही.)

शैला पोळ्या लाटता लाटता बाहेर आली, तक्त्यासमोर उभी राहिली. "म्हणजे पेट्यांसारखंच आहे की हे," ती म्हणाली. "सहा डझनी, पाच डझनी, चार डझनी. जसजसा भाव चढतो तसतसा नग मोठा."

दोन महिने झटून जे मी समजून घेतलं होतं ते हिने पोळपाटासमोरून एका वाक्यात सांगितलं! मी जरा घुश्शातच होतो. तेवढ्यात तिने विचारलं, "पण आपल्या पेट्या किती बसतात, तो रकाना कुठाय?"

"शैला," मी म्हणालो, "ही गाडी आहे. टेम्पो नाही!"

ती पोळपाटाकडे परत गेली. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. शैलाने ठेवलं.

तक्ता दिवाणखान्यात कपबशांच्या कपाटावर लटकला, कारण एवढी मोकळी भिंत दुसरी नव्हती. त्यामुळे पाहुणे आले की शैला आतून ओरडायची, "अहो, चहा टाकलाय, दुसऱ्या वर्षाचं मॉडेल जरा वर धरा!" मी धरायचो. ती खालून हात घालून कप काढायची.

मग फोन सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, पनवेल, जिथे म्हणून ती गाडी विकायला होती तिथे मी फोन करायचो आणि एकतीस प्रश्न क्रमाने विचारायचो. कोल्हापूरच्या गृहस्थांनी सतराव्या प्रश्नाला फोन ठेवला. पनवेलचे मात्र सज्जन. शेवटपर्यंत उत्तरं दिली. मी आनंदाने म्हणालो, "छान! उद्या बघायला येतो."

"उद्या कशाला येताय? गाडी गेली."

"कधी?"

"तुम्ही चौदाव्या प्रश्नावर होता ना, तेव्हा. समोरच्या माणसाने विचारलं, चालते का? मी म्हटलं, चालते. तो घेऊन गेला."

"मग पुढच्या सतरा प्रश्नांची उत्तरं का दिलीत?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

होळी झाली. गुढीपाडवा झाला. पावसला कलमं अशी लगडली, की फांद्यांना टेकू द्यावे लागले. अण्णांचा दर रविवारी फोन.

"शैले, झाडं धरली का?"

"धरली हो अण्णा. यंदा पाचही."

"आणि गाडी?"

"तिचा मोहोर अजून गळतोय!"

मे उजाडला. एका सकाळी शैलाने चहाचा कप माझ्यासमोर आपटला. "अहो, मिरगाच्या आत झाडावर एक फळ राहणार नाही. अण्णांना काय दाखवणार? पानं? की तक्ता?"

तिच्या आवाजात राग असता तर मी वाद घातला असता. पण राग नव्हता. मला स्वतःचीच लाज वाटली. त्याच दिवशी दुपारी चिपळूणच्या एका गाडीचा पत्ता लागला. दुसऱ्या वर्षाची, मधली. (पाच डझनी!) मालक सुर्वे म्हणून, जहाजावर चीफ इंजिनियर होते, आता निवृत्त. मी फोनवर तीनच प्रश्न विचारले आणि उरलेले अठ्ठावीस खिशात घालून, शैला आणि तात्यांना घेऊन चिपळूण गाठलं.

चिपळूणची गाडी म्हटल्यावर माझ्या मनात एकच भीती. वाशिष्ठी नदीचा पूर! बुडालेली गाडी धुऊन-पुसून कोणी गळ्यात मारली तर? मी ऐकलं होतं, की सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढला की पुराचा चिखल सापडतो. म्हणून नमस्कार-चमत्कार होताच मी गाडीत शिरलो, एकेक पट्टा पूर्ण बाहेर ओढला आणि नाकाला लावला. मग पायपुसणी उचलली आणि तिथे नाक लावलं.

सुर्वे साहेब बराच वेळ बघत होते. "मास्तर, काय चाललंय?"

"वास घेतोय."

"कसला?"

"वाशिष्ठीचा."

सुर्वे साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मास्तर, पूर आला तेव्हा हे मॉडेल बाजारात आलंच नव्हतं."

खरंच की! माझ्याच तक्त्यात, निळ्या पेनाने, माझ्याच अक्षरात वर्ष लिहिलेलं होतं. तात्या रस्त्याकडे तोंड करून खोकायला लागले. त्यांना खोकला नव्हता.

मग साहेबांनी बटण दाबून गाडी चालू केली. आम्ही वाट पाहत उभे राहिलो. एक मिनिट गेलं.

"करा की चालू," तात्या म्हणाले.

"चालू आहे."

तात्यांनी बॉनेटला कान लावला. "कायएक नाय. बॅटरी बसली हिची." आणि आत हात घालून त्यांनी बटण दाबलं. गाडी बंद झाली.

"आता बंद केलीत तुम्ही," साहेब म्हणाले.

"मग मगाशी काय व्हती?"

"चालू!"

"नि आता?"

"बंद!"

"फरक काय मग?"

मी 'फरक' हा शब्द ऐकून आपोआप पेन काढलं. तेवढ्यात साहेबांनी मागचा दरवाजा उघडला. शैला मागच्या सीटवर बसून बघत होती. "मास्तर, एकच गोष्ट लक्षात ठेवा," ते म्हणाले. "सीटच्या बाजूची ही जाळी. मागे बॅटरी आहे, ती इथून श्वास घेते. इथे काही ठेवू नका, कोंडू नका. बाकी ही गाडी तुम्हाला कधी त्रास देणार नाही."

मी तक्ता उलगडून जाळीला जागा शोधली. एकतीस रकान्यांत जाळी कुठेच बसेना. म्हणून मी नुसती मान डोलावली आणि विचारलं, "ते जाऊ दे. आरशाला दिवा आहे?"

आरशाला दिवा होता. आम्ही गाडी घेतली.

आता खरा प्रसंग. मेचा शेवटचा आठवडा. आठ दिवस तात्यांनी मला माळनाक्याच्या मैदानावर गाडी शिकवली. ("हिला क्लच नाय. डावा पाय घरी ठेवून ये!") मग ठरलं, की मी आणि शैला आंजर्ल्याला जायचं, रात्री राहायचं आणि दुसऱ्या दिवशी अण्णांना घेऊन थेट पावस. जाताना पेट्या न्यायच्या सहा. एक कड्यावरच्या गणपतीला, एक घरात आणि चार वाडीत वाटायला. माहेरी जाताना रिकाम्या हाताने जायचं नसतं, आणि अण्णांच्या वाडीत एका घरी आंबा दिला आणि दुसऱ्या घरी नाही दिला, तर पुढची दहा वर्षं ते ऐकावं लागतं.

पावसला पेट्या भरून तयार. मी रुबाबात डिकी उघडली.

डिकीत बॅटरी होती. म्हणजे सीटच्या मागे होती, पण तिने जागा अशी काही व्यापली होती, की डिकीत जेमतेम दीड पेटी बसावी. आणि अर्धी पेटी कोणी बनवत नाही. तात्या निरोप द्यायला आले होते. त्यांनी वाकून आत पाहिलं.

"मास्तर, ही डिकी हाय की देवघरातला कपाट?"

शैलाने हातातली पेटी खाली ठेवली. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात 'टेम्पो नाही' हे दोन्ही शब्द स्पष्ट वाचता येत होते.

पण मी निर्धाराचा माणूस! एक पेटी डिकीत घातली. बाकी पाच मागच्या सीटवर रचल्या. गेल्या वर्षीचा आमरस डोळ्यांसमोर होता, म्हणून पेट्या हलू नयेत यासाठी मी भारा आणून चहूबाजूंनी पेंढा ठासला. पेटी आणि दरवाजा यांत पेंढा, पेटी आणि सीट यांत पेंढा, जिथे बोट जाईल तिथे पेंढा. आत कोणी मांजर टाकलं असतं, तरी त्याला हलता आलं नसतं.

"अहो, एवढा कशाला?" शैला म्हणाली.

"आघात शोषला जातो. शास्त्र आहे हे."

आम्ही निघालो. गाडी चालते आहे की तरंगते आहे कळेना! हातखंबा गेलं, संगमेश्वर गेलं. सावर्ड्याच्या आसपास शैला म्हणाली, "अहो, मागे कोणीतरी घोरतंय."

"रस्त्याचा आवाज."

"रस्ता घोरत नाही."

चिपळूणला घरघर वाढली. मी म्हटलं, "बहुतेक सीटला गार हवा देणारा पंखा असेल."

"तो वरचीला आहे. आपली मधली." (तिला तक्ता पाठ होता! चहाचे कप काढता काढता पाठ झाला असणार.)

परशुराम घाटात पहिल्या चढावर समोरच्या पडद्यावर पिवळा त्रिकोण आला. मग तांबडा. मग इंग्रजीत तंबी, की हायब्रिड यंत्रणा फार तापली आहे, सुरक्षित जागी थांबा. मी कडेला घेतली. उन्हाने डांबर वितळत होतं. मागे पाच पेट्या, डिकीत एक, आंजर्ल्याला अण्णा धोतर नेसून ओसरीवर बसलेले. ते सकाळी सातपासून बसलेत, असा वाडीतून शेजाऱ्याचा फोन आधीच येऊन गेला होता.

"आता?" शैला म्हणाली.

मी तक्ता काढला. तो मी बरोबर घेतला होता. बॉनेटवर पसरला आणि एकतीसच्या एकतीस रकाने वरपासून खालपर्यंत वाचले. गाडी घाटात बंद पडली तर काय करायचं, हे बारांपैकी एकाही गाडीच्या खाली लिहिलेलं नव्हतं. येणारेजाणारे गाडी हळू करून तक्ता बघत होते. एकाने तर विचारलं, "सर्व्हे चाललाय काय? अजून किती डोंगर कापणार?"

शेवटी सुर्वे साहेबांना फोन केला. वीस मिनिटांत ते स्कूटरवरून आले, घरच्याच अर्ध्या चड्डीवर. त्यांनी मागचा दरवाजा उघडला. पेंढा भसकन त्यांच्या पायांवर आला. ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले. जहाज बुडताना चीफ इंजिनियर असाच उभा राहत असावा.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "जाळी कुठाय?"

"कुठली जाळी?"

"बॅटरी जिथून श्वास घेते ती," शैला म्हणाली. "पेट्यांच्या मागे, खाली. ह्यांनी पेंढा ठासलाय तिथे."

मी गर्रकन वळलो. "तुला माहीत होतं?"

"साहेबांनी सांगितलं तेव्हा मी ऐकत होते. तुम्ही तक्ता उलगडत होता."

"मग सकाळी बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, एकतीस रकाने आहेत, त्यात असेलच," ती म्हणाली.

साहेबांनी पाचही पेट्या रस्त्याच्या कडेला सावलीत उतरवल्या. शैलाने केसांतला आकडा काढून दिला. त्या आकड्याने त्या भल्या माणसाने जाळीतून एकेक काडी उपसली. निघालेला पेंढा पाहून मला वाटलं, गाडीने शंभर किलोमीटर नाही, शंभर वर्षं गोठ्यात काढली आहेत. तासाभराने गाडी निवली. तांबडा त्रिकोण गेला, पिवळाही गेला. साहेब म्हणाले, "काही बिघडलेलं नाही. तिने स्वतःला वाचवलं. पण पेट्या आता मागे ठेवायच्या नाहीत."

म्हणजे गाडी होती, पण आंबे नेता येत नव्हते. शैला पेट्यांच्या शेजारी दगडावर बसली होती. "आंबे राहू दे," ती म्हणाली. "अण्णांना आणूया. तेवढं झालं तरी पुरे." हे ती इतक्या शांतपणे म्हणाली, की मला भडभडून आलं. इतकी वर्षं दर आंब्याला न चुकता पेटी पाठवणारी बाई ही!

मी तात्यांना फोन लावला. तात्या जरासुद्धा हसले नाहीत. हे त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

"हलू नको तिथून. आता चिपळूणवरून दापोली-आंजर्ल्याची गाडी येल. हात कर. ड्रायव्हरला माझा नाव सांग. कंडक्टरला सांग, तात्या बोलला, पेट्या मांडीवर घेऊन बस!"

अर्ध्या तासाने लाल गाडी घाट चढत आली. मी तक्ता हलवून ती थांबवली. (तक्त्याचा हा पहिला प्रत्यक्ष उपयोग.) तात्यांचं नाव ऐकताच ड्रायव्हर खाली उतरला. पाच पेट्या वर चढल्या. जी एसटी टाळायची म्हणून मी इतके महिने एकतीस रकाने भरले, त्याच एसटीतून आंबे माझ्यासमोर पुढे निघून गेले, आणि मागून आम्ही, डिकीतली एकुलती पेटी घेऊन.

आंजर्ल्याला पोचलो तेव्हा अण्णा ओसरीवर. समोर पाच पेट्या उघडलेल्या.

"या जावईबापू. तुमच्या आधी आंबे आले. एक फळ डागी नाही हो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी देवाची पेटी वर पोचवून, नमस्कार करून निघालो. अण्णा पुढच्या सीटवर बसले, छत्री दोन पायांमध्ये. शैला मागे, जाळीपासून पदर हातभर लांब धरून. मी बटण दाबलं.

"झाली चालू?" अण्णांनी विचारलं.

"झाली."

"मग बोलत का नाही?"

"अण्णा, तिला वाव मिळत नाही," शैला मागून म्हणाली. "हे असतात ना."

चिपळूण यायच्या आत अण्णा गाढ झोपले. एवढ्या लांबच्या प्रवासात एक उचकी नाही, कण्हणं नाही. मी आरशात शैलाकडे पाहिलं. ती बापाच्या पांढऱ्या डोक्याकडे बघत होती. त्या क्षणी मला ती गाडी फार आवडली.

पावसला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. आम्ही एका झाडाची शेवटची फळं मुद्दाम काढली नव्हती. अण्णा छत्री टेकत एकेका कलमाखाली गेले. प्रत्येकाच्या बुंध्याला हात लावला. पाचव्याखाली थांबले आणि वर बघत राहिले. फळं त्यांच्या डोक्यावर लोंबत होती. शैलाने डोळे पुसले, आणि खोटं कशाला बोलू, मीही पुसले.

मग माझ्यातला मास्तर जागा झाला. म्हटलं, "अण्णा, पाचही कलमं एकसारखी जोमदार निघाली. निवडताना तुम्ही काय काय पाहिलं होतं? खोड? पानं? कुठल्या झाडाची काडी?"

अण्णांनी छत्री बुंध्याला टेकवली.

"कसली निवड? नर्सरीवाल्याच्या हाताला लागली ती त्याने दिली. मी एकच विचारलं."

"काय?"

"एसटीत मावतील ना?"

माझ्या मागे शैला उभी होती. मी वळून पाहिलं नाही. पाहायची हिंमत नव्हती.

अण्णा चार दिवस राहून गेले. तक्ता आता कपाटावर नाही. घरात उरलेल्या आंब्यांची अढी घातली, तिच्याखाली शैलाने तो अंथरला आहे. परवा पिकलेली फळं वेचताना कागदाच्या कडेला मला नवीन उभी रेघ दिसली. बत्तिसावा रकाना. मी राखून ठेवलेलं तांबडं पेन. वर शीर्षक: 'पेट्या.' बारांपैकी आमच्या गाडीपुढे उत्तर: 'दीड.' आणि खाली, मी तेहतीस वर्षं मुलांच्या पेपरांवर मारला तसाच शेरा:

'प्रश्न समजलेला नाही. हस्ताक्षराबद्दल अर्धा गुण.'